कुठे जेवाल: सॉल्टवेल

सॉल्टवेल
बुधवार, २३ सप्टेंबर

प्रिय डेस्पिना,

दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की त्या शुक्रवारी मी दिवसभर घरीच होते. ते चूक आहे. पावणेबारा वाजता मी तुझ्या बाबांच्या दुकानात होते. फार तर दहा मिनिटं. पण होते.

एवढी एक दुरुस्ती करायला कोणी दोन वर्षांनी पत्र लिहीत नाही, हे मला कळतं. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी, आणि जे मला नक्की माहीत आहे तिथूनच मला सुरुवात करता येते. पावणेबारा हे नक्की आहे, कारण भिंतीवरच्या तुझ्या घड्याळाकडे मी पाहिलं होतं. तेच निळ्या बोटीचं, जे चार मिनिटं पुढे असतं. ती चार मिनिटं मी वजा केली आहेत.

आधी गावची खबर सांगते. यंदा हिवाळ्यात नॅशनल पार्कला खूप गर्दी झाली. पावसाने घळीत पाणी आलं, पाण्याबरोबर पक्षी आले आणि पक्ष्यांमागे कॅरव्हॅनवाले म्हातारे. रेंजर नोएल म्हणतो, वीस वर्षांत एवढ्या दुर्बिणी पाहिल्या नव्हत्या. पार्कच्या फाटकावरच्या काचेच्या फळ्यात तो कागद अजून मीच लिहून लावते. 'कुठे जेवाल: सॉल्टवेल'. पूर्वी त्यावर तुमच्या दुकानासकट तीन नावं असायची, आता दोन असतात. आमच्या हॉटेलची जेवणाची खोली, आणि डगलच्या पेट्रोलपंपावरची गरम केलेली मांसाची पाई. लोक कागद वाचतात, गावात येतात, दोन्ही ठिकाणं बघतात आणि मग विचारतात, "अजून कुठे काही नाही का?" मी नाही म्हणते. परवा एका बाईने रस्त्यापलीकडच्या तुमच्या दुकानाकडे बोट दाखवून विचारलं, "ते निळ्या दाराचं काय आहे?" मी काही बोलायच्या आत आमच्या मोरीतून तुझे बाबा बाहेर आले, हात पुसत पुसत. म्हणाले, "तिथे जाऊ नका बाई. तिथला माणूस चांगला नव्हता. इथे जेवा. इथली बाई स्वच्छ आहे."

इथली बाई म्हणजे माझी आई.

तुझे बाबा, माझे थिओ, आमच्याकडे ताटं धुतात, हे तुला ठाऊक आहे. तेही मीच कळवलं होतं, आणि असं कळवलं होतं की आईने मोठ्या मनाने त्यांना काम दिलं, ते रमले आहेत. काम दिलं हे खरं. रमले आहेत हे मी पाहिलेलं नव्हतं, तरी लिहिलं. जे पाहिलं ते आता लिहिते. जेवणाची खोली भरली की आई टेबलाटेबलांवरून फिरते आणि पाहुण्यांना त्यांच्याबद्दल सांगते, "आमचा लेफ्टी मागे आहे ना, त्याला आम्ही ताटं धुवायला ठेवलंय. पण फक्त रिकामी हं. भरलेलं ताट त्याच्या हातात द्यायची आमची छाती नाही." पाहुणे हसतात. मोरीच्या खिडकीतून हे सगळं ऐकू येतं. थिओही हसतात, कारण न हसणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. डगल पंप बंद करून बीअर प्यायला येतो तो रोज त्यांना विचारतो, "काय लेफ्टी, आज काय धुतोस? ताटं का पुरावा?" पहिल्यांदा सगळे हसले होते. आता कोणी हसत नाही, तरी तो रोज विचारतो. आणि थिओ रोज उत्तर देतात, "ताटं, डगल, ताटं."

तुझं पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. तीन ओळींचं. ते मला माहीत असायचं कारण नाही, पण एकदा ते भिजलं तेव्हा त्यांनी ते आमच्या मागच्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातलं होतं, टेबलपुसण्यांच्या शेजारी. मी कपडे काढायला गेले आणि वाचलं. वाचायला नको होतं. 'तुम्हाला गप्पांची हौस. त्या हौसेपायी एक बाई गेली. सध्या मला फोन करू नका.' त्यांनी केलेला नाही. 'सध्या' म्हणजे किती दिवस, असं त्यांनी मला एकदा विचारलं. नर्सिंगच्या परीक्षा होईपर्यंत असेल, असं मी म्हटलं. परीक्षा होऊन दहा महिने झाले.

डेस्पिना, ते पत्र तू माझ्या पत्रावरून लिहिलंस. हे मला टाळता येत नाही. मी तुला लिहिलं होतं की कोल्डरूममधून मांस बाहेर पडलं तेव्हा ते चांगलं होतं, वहीत चारच अंश होते, आणि 'थिओ कदाचित गिऱ्हाइकांशी बोलत बसले असतील आणि क्रेट बाहेरच राहिली असेल'. 'कदाचित' हा शब्द घालून मी स्वतःला सोडवलं होतं. तुला तो शब्द दिसलाही नसेल.

आता कोल्डरूमचं सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते, कारण हे पत्र उद्या आणखी कोणाला दाखवावं लागलं तर त्यात काही गाळलेलं नसावं. गावात मोठी कोल्डरूम एकच, आमच्या मागच्या अंगणात. थंड मालाचा ट्रक दर दुसऱ्या गुरुवारी येतो. ज्याचा त्याचा माल त्याच्या त्याच्या रंगाच्या क्रेटमध्ये, आमच्या हिरव्या, तुमच्या निळ्या. दारावर तापमानाचा काटा, काट्याखाली सुतळीने बांधलेली वही. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोनदा काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. काटा पाचाच्या वर गेला तर अंगणातल्या लोखंडी खांबाला टांगलेला आगगाडीच्या रुळाचा तुकडा हातोड्याने वाजवायचा. रूळ वाजला की हातातलं टाकून सगळ्यांनी यायचं आणि सगळ्यांचा माल एकदम खड्ड्यात टाकायचा, कोणाचा चांगला कोणाचा वाईट असं न बघता. मग पुढचा ट्रक येईपर्यंत गावाने डबे फोडून खायचं. माझ्या आठवणीत तो दोनदा वाजला. दुसऱ्या वेळी आपण दोघी अकरा वर्षांच्या होतो. थिओंनी खड्ड्याच्या काठावर उभं राहून कोकरांसाठी प्रार्थना म्हटली होती आणि आई हसून हसून खाली बसली होती. तेव्हा त्यांची भांडणं नव्हती.

आकडे मी त्या काट्यावर शिकले. तूही शिकलीस, पण तू नंतर आलीस, सातव्या वर्षी, तुझी आई गेल्यावर. मी चार वर्षांची असल्यापासून आई मला स्टुलावर उभी करायची आणि विचारायची, "काटा कुठे आहे?" मी बोट ठेवायची. "बोट नको. सांग." बारा वर्षांपर्यंत माझी शाळा म्हणजे ते हॉटेलचं स्वयंपाकघर, पिठाने भरलेलं टेबल आणि आईच्या हातातली फुटपट्टी. तुला ती फुटपट्टी आठवत असेल. न बघता उत्तर दिलं की बोटांच्या सांध्यांवर बसायची. "डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते लिहायचं नाही," एवढा एकच नियम तिने शिकवला. व्याकरण, भूगोल, सगळं त्याच्या नंतर. मी तो पाळला. मला वाटतं मी तो एवढा पाळला की लोकांना माझा कंटाळा येतो. एकदाच पाळला नाही. त्यावर पुढे येते.

त्या वर्षीच्या कागदावर तुझ्या बाबांच्या दुकानाबद्दल मी काय लिहिलं होतं ते तुला आठवतं का? 'निळं दार. कोकरू, लिंबू आणि थोडा धीर. घाईत असाल तर जाऊ नका, नाहीतर जाच.' नोएलला ते फार आवडलं होतं. आमच्या खोलीबद्दल मी लिहिलं होतं, 'रोज दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहा ते आठ. टेबलं भरपूर.' दोन्ही वाक्यं खरी होती. पार्कातून येणारे लोक कागद वाचून सरळ निळ्या दाराशी जायचे. आमची टेबलं भरपूर राहायची. आईने तो कागद कधी वाचला मला माहीत नाही. तिने मला काही म्हटलं नाही. फक्त एकदा, रिकाम्या खोलीत सुऱ्या-काटे परत खणात ठेवताना, म्हणाली, "माझ्याकडे शिकलीस, आणि दुसऱ्याच्या दाराला तोरण लावलंस."

ऑक्टोबरच्या सुट्टीच्या आधीचा गुरुवार. तीन तारीख. ट्रक येण्याआधी आपल्याकडे कोल्डरूमचं बटण बंद करून फरशी धुतात, हे दर खेपेस होतं. आईने बटण बंद केलं, फरशी धुतली, ट्रक आला, माल आत गेला, दार लागलं. बटण परत लावायचं राहिलं. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. अठ्ठावीस माणसांची आगाऊ नावं नोंदलेली होती, डिसेंबरचा उन्हाळा ऑक्टोबरातच आला होता, बाहेर एकोणचाळीस अंश होते. हे मी आईच्या बाजूने लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

शुक्रवारी सकाळी सात वाजता मी काटा पाहिला. चौदा. मी स्टुलावर चढून पुन्हा पाहिला, जसा लहानपणी बघायची तसा. चौदाच. वहीत '१४' लिहिलं, तारीख, वेळ, सही. मग हातोडा घेऊन वळले तर आई दारात उभी होती. तिने वही वाचली, आत हात घालून बटण लावलं, पंखा सुरू झाला. मला म्हणाली, "हातोडा ठेव."

मी म्हटलं, "आई, चौदा आहे."

"मला वाचता येतं. तुलाही मीच शिकवलंय."

"रूळ वाजवायला हवा."

"आजपासून तीन दिवस गाव फुगणार, आणि मी रूळ वाजवू? त्यापेक्षा 'इथे जेवू नका' अशी पाटी स्वतःच्याच गळ्यात घालते ना! परवाना जाईल माझा. कोल्डरूम जाईल. मग तू त्या फळ्यावर काय लिहिशील, पंपावरची पाई?"

आमच्या हिरव्या क्रेटा तिने अर्ध्या तासात पिकअपमध्ये भरल्या आणि खड्ड्यात नेऊन टाकल्या, वर माती ओढली. डीपफ्रीझरची तार वेगळी आहे, त्यात मासे होते. तीन दिवस आम्ही मासे वाढले. मी विचारलं, "आणि निळ्या?" तिने मातीचे हात कापडाला पुसले. अगदी शांतपणे म्हणाली, "त्याला नाक आहे की. लिंबू आहे, धीर आहे. तू लिहिलंस ना तसं. बघेल त्याचं तो."

मग तिने वहीचं पान फाडलं, माझ्या हातात दिलं आणि चुलीत टाकायला सांगितलं. नव्या पानावर आठवड्याचे सगळे आकडे परत उतरवायला लावले, शुक्रवार सकाळच्या चारसकट. "नेहमीचं अक्षर काढ," म्हणाली, "घाईत तुझा चार तिरपा होतो." आणि मी हळू लिहिलं, डेस्पिना. माझा चार सरळ आला. ती शेजारी उभी होती, लहानपणी उभी राहायची तशी, आणि पान पूर्ण झाल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

नऊ वाजता तुझे बाबा क्रेट न्यायला आले. शीळ घालत. मी अंगणात चादरी वाळत घालत होते. त्यांनी दार उघडण्याआधी वही पाहिली, नेहमी पाहतात तशी. आकड्याखाली बोट धरलं, मान हलवली, आणि मला म्हणाले, "तुझं अक्षर बघितलं की मला झोप छान लागते, पोरी." दोन तास पंखा चालला होता, आत हात गारठत होता. वास होता की नव्हता, मला माहीत नाही. मी आत गेले नाही.

तू विचारशील, आणि तुला विचारायचा हक्क आहे, की मी बावीस वर्षांची होते, चार नव्हे, आईच्या एका शब्दावर मी हातोडा का ठेवला. याचं उत्तर मी आजवर कोणालाच दिलेलं नाही. आदल्या दिवशी गुरुवारी संध्याकाळी पाचचा आकडा माझा होता. मी पाच वाजता तिथे नव्हते. मी पार्कच्या फाटकाशी होते, सुट्टीसाठी नवा कागद लावत होते, आणि नोएलशी बोलत राहिले. परत यायला सव्वासहा झाले. मला लाज वाटली, म्हणून मी दारापर्यंत गेले, वहीत 'संध्याकाळी ५' पुढे '४' लिहिलं आणि काट्याकडे न बघता निघून आले. नेहमी चारच असतो. त्या एका संध्याकाळी मी वर मान केली असती तर काटा सहा-सातावर दिसला असता, रूळ वाजला असता, सगळ्यांनी नाक दाबून हसत माल खड्ड्यात टाकला असता आणि गाव तीन दिवस डब्यातली बीन्स खात बसलं असतं. आईला हे कळायला एक मिनिटही लागलं नाही. वही वाचली तेव्हाच तिने दोन्ही आकडे पाहिले होते, गुरुवारचा चार आणि शुक्रवारचा चौदा. "रात्रीत दहा अंश चढत नाही," ती म्हणाली. "हा चार तू पाहिलास?" मी वहीकडे पाहिलं. "नाही ना पाहिलास? मग वाजव रूळ. सगळे येऊ देत, सगळ्यांना वही दाखवू. आधी तुझा चार दाखवू, मग माझा चौदा." मी हातोडा ठेवला तो तेव्हा. परवान्यासाठी नाही आणि आईसाठी नाही. माझ्या नावासाठी.

पुढचं तुला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी निळ्या दाराशी रांग होती. शनिवारी पहाटेपासून कॅरव्हॅन पार्कमध्ये अकरा माणसं आजारी पडली. दहा जण सावरले. एनिड लॅम्बर्ट, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, पक्षी बघायला आल्या होत्या, त्या सोमवारी सात तारखेला गेल्या. तपासणी अधिकारी आला. त्याने आमची वही वाचली, पानं उलटली, "अशी वही मी जिल्ह्यात पाहिली नाही," म्हणाला. मग तो थिओंकडे गेला आणि विचारलं, क्रेट आणल्यावर किती वेळ ओट्यावर होती. थिओंनी खूप विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. म्हणाले, "नक्की सांगता येत नाही साहेब, एक गृहस्थ आले होते, ग्रीसमधल्या क्रीट बेटाचे निघाले, आम्ही बोलत होतो." झालं. त्या एका प्रामाणिक वाक्यावर सगळं झालं. आईने तेव्हा बाजूला उभं राहून मान हलवली, दुःखाने, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी सूप पाठवलं. ते सूप घेऊन मीच गेले.

तेव्हापासून ते तो एक तास शोधत आहेत. ताटं धुताना मधेच थांबतात. "टॅमसिन, क्रीटचा माणूस गेला तेव्हा चर्चची घंटा झाली होती का?" मला वाटतं दोन वर्षांत त्यांनी तो तास इतक्या वेळा उलटापालटा केला आहे की आता त्यांना क्रेट उन्हात पडलेली दिसते. परवा तर म्हणाले की माशा बसल्या होत्या, ते त्यांना आठवतं. नव्हत्या. मी पाहिलं होतं.

कारण पावणेबाराला मी तिथे होते. सांगायला गेले होते. निळ्या दाराला माशा अडवायला लावलेल्या पट्ट्या बाजूला करून आत गेले. मांस फ्रीजमध्ये होतं, रिकामी क्रेट धुऊन भिंतीला टेकवलेली होती, ओटा कोरडा होता. क्रीटचा माणूस केव्हाच गेला होता. त्यांनी काहीही चुकवलं नव्हतं. भट्टीवर मांसाच्या पहिल्या सळया लागल्या होत्या. मला बघून ते एवढे खूश झाले. "बरोबर वेळेला आलीस, पहिला घास तुझा!" त्यांनी पांढऱ्या ताटात दोन सळया काढल्या, वर लिंबू पिळलं, पावाचा तुकडा तोडून ठेवला, आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, "थिओ, माझं पोट ठीक नाही." आणि ताट एका बोटाने परत सरकवलं.

डेस्पिना, हे मी लिहायचं टाळत होते. मी त्यांना सांगितलं नाही, पण मी खाल्लंही नाही. मला स्वतःपुरतं माहीत होतं. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाले, पुदिन्याचं पाणी करून दिलं. ते मी प्यायले. ताट त्यांनी झाकून ठेवलं, वाया जाऊ नये म्हणून. ते कोणी खाल्लं मला माहीत नाही. एनिड लॅम्बर्ट साडेबाराला आल्या होत्या, एकट्या, सगळ्यांच्या आधी, एवढं त्या अधिकाऱ्याच्या कागदात आहे.

गेल्या वर्षी सात ऑक्टोबरला तुझ्या बाबांनी मेलेल्या माणसासाठीचे गहू शिजवले. तुझ्या आईच्या वेळी केले होते तसे, साखर पेरून, वर बेदाण्यांचा क्रूस. दोन वर्षांत त्यांनी शिजवलेली ती एकच गोष्ट. दुकानाबाहेरच्या बाकावर परात आणि कागदी पेले मांडून ते सात वाजल्यापासून उभे होते, कोट घालून. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "एनिडबाईंसाठी." कोणी घेतले नाहीत. डगल गाडीतूनच ओरडला, "आता गव्हाने मारणार का रे, लेफ्टी?" आईने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. दहा वाजता मी गेले आणि दोन पेले खाल्ले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "त्या दिवशी तू आली होतीस ना? पोट दुखत होतं तुझं. तेव्हा क्रेट कुठे होती, आठवतं का? तू नीट बघणारी आहेस. तू सांगितलंस तर मी मानेन."

मी म्हटलं, "आठवत नाही, थिओ."

तोंडात गहू होते. त्या दिवशी पहाटेच मी अंगणात रुळाखाली हातोडा घेऊन उभी राहिले होते आणि परत येऊन अंथरुणात शिरले होते. म्हणजे हे माझं तिसऱ्यांदा झालं. हातोडा, ताट, गहू.

आता हे पत्र का, ते. गेल्या सोमवारी आईने जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं की लेफ्टीने आपली जागा तिला द्यायचं कबूल केलं आहे. निळं दार पाडून तिथे कॅरव्हॅन उभ्या करायला सावलीचं छप्पर बांधायचं आहे. वकील उद्याच्या नव्हे, त्यापुढच्या ट्रकच्या दिवशी येईल, गुरुवारी आठ ऑक्टोबरला, आणि सह्या होतील. मी मोरीत जाऊन थिओंना विचारलं. म्हणाले, "असू दे. तिथे परत कोणी जेवू नये, एवढंच पाहिजे." हात फेसात होते. "भट्टी मात्र तुझी आई ठेवणार नाही. तुला हवी का?"

फाडलेलं पान मी जाळलं नव्हतं. चुलीत मी डब्याचं लेबल टाकलं. पान माझ्या पहिल्या आकड्यांच्या वहीत आहे, जिच्यात आईने लाल शाईत 'पाहून लिहिलं, शाबास' असं लिहिलं आहे. त्यावर दोन्ही आहेत, माझा खोटा चार आणि माझा खरा चौदा. दोन्ही दाखवायचे आहेत. आईचा परवाना जाईल, कदाचित आणखी बरंच जाईल, आणि मीही तिच्याबरोबर जाईन, हे मी मोजलं आहे. ती मला पुन्हा मुलगी म्हणणार नाही. तिला मी आधी सांगणार नाही. सांगितलं तर ती फक्त माझ्याकडे बघेल, आणि मी ऐकेन. मला मी माहीत आहे.

म्हणून तुला लिहिते. टपालाची पिशवी उद्याच्या ट्रकने जाते. एकदा ती चढली की मला परत काढता येत नाही. तुला कळलेलं असेल, मग मला चौथ्यांदा मागे वळता येणार नाही. क्षमा मागत नाही. ती तुझ्याकडे मागण्याआधी रांगेत एक माणूस आणि एक कबर आहे. तू इथे यावंस असंही म्हणत नाही. पण सात ऑक्टोबरला सकाळी सात वाजल्यानंतर हॉटेलच्या नंबरवर फोन कर. मोरीतला फोन ते उचलतात. आपण कोण बोलतोय ते आधी सांगू नकोस, आवाज ओळखतील.

आधी त्यांना एकट्याला सांगेन, बाकावर, गहू मांडायच्या आत. ते लोकांसमोर त्यांनी पहिल्यांदा ऐकू नये. मग अंगणात जाऊन रूळ वाजवेन, आणि सगळे माल गेला म्हणून धावत येतील, डगल, नोएल, कॅरव्हॅनवाले, आई. ते जमले की पान वाचून दाखवेन. त्यानंतर पार्कच्या फाटकावर जाऊन नवा कागद लावेन, त्यावर तिसरं नाव परत लिहिलेलं असेल. सुरुवात: बुधवार, ७ ऑक्टोबर, सकाळी पावणेसात.

तुझीच म्हणायचा हक्क त्या दिवसानंतर तू ठरवशील,
टॅमसिन